कडक भाकरीवरचा आळ

सोलापुरात दाढ दुखायला लागली की पहिला आळ कडक भाकरीवर येतो. "परवा दिवशी कडक भाकरी खाल्ली ओ ताई, तवापासनं ठणकलालीय," असं सांगत माणूस गालाला हात लावून काउंटरशी उभा राहतो. मी मान डोलावते, पण मनातून भाकरीचीच बाजू घेते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची, तव्यावरून उतरवून वाळवत वाळवत कडक केलेली ती भाकरी, तिच्यावर शेंगाचटणी आणि तेलाची धार. तिचा गुन्हा एवढाच की ती आवाज करते. वाळवी लागलेली चौकट बाहेरून धड दिसते आणि एक दिवस नुसतं दार आपटल्यावर हातात येते, तशी आतून पोकळ झालेली दाढ भाकरीच्या एका घासाला तुटते आणि नाव भाकरीचं होतं. दोन-तीन वर्षं ती दाढ ज्यांनी पोखरली ते सगळे मऊ होते. चहात बुडवलेली खारी, बटर, पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, झोपताना घेतलेलं साखर घातलेलं दूध. त्यांचा आवाज होत नाही, म्हणून त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही.

आमचं मेडिकल शहराच्या पूर्व भागात आहे. आजूबाजूला यंत्रमाग, गणवेश शिवणाऱ्यांचे छोटे कारखाने आणि दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका. एकाच काउंटरवर तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू अशा चार भाषांत दात दुखतात, आणि चारही भाषांत मागणी एकच असते: "एक गोळी द्या, लगेच थांबली पाहिजे." मी फार्मसी शिकले आहे, दातांची डॉक्टर नाही. पण संध्याकाळी गल्ल्यावर बसून लोक काय विकत घेतात आणि काय घेत नाहीत हे बघत राहिलं की त्यांच्या तोंडातलं बरंच कळतं. लवंगतेल खपतं. दुखण्याच्या गोळ्या खपतात. कडक ब्रश तर मऊ ब्रशपेक्षा जास्त खपतो. दोन दातांमधून ओढायचा दोरा मात्र धूळ खात पडून असतो. गंमत म्हणजे शहरभर सूत आहे, तेवढा एक दोरा सोडून.

हे बघता बघता माझं एक मत झालं आहे. दातांची आणि हिरड्यांची नासाडी करणाऱ्या बहुतेक गोष्टी आपण वाईट म्हणून करतच नाही. काही स्वच्छतेसाठी करतो, काही थकवा घालवायला, काही पाहुणचार म्हणून, आणि काही तर दातदुखीवरचं औषध म्हणून. दारूला व्यसन म्हणणारं घर सकाळच्या मिशरीला, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीला, व्यसन म्हणत नाही. ते तिला 'दात घासणं' म्हणतं.

चहापासून सुरुवात करते, कारण त्याला कुणीच दोष देत नाही. यंत्रमागावर पाळी बारा-बारा तासांची. आत उकाडा आणि धोट्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज. अशा ठिकाणी दर थोड्या वेळाने येणारा अर्धा ग्लास चहा हीच विश्रांती असते. चहा गोड लागतो, गोड असला तरच तो 'चढतो'. एकेका ग्लासातली साखर फार नसते, म्हणून कुणाला वाटत नाही की आपण गोड खातोय. पण तोंडातल्या जंतूंना प्रमाण कळत नाही, त्यांना वेळा कळतात. साखर मिळाली की काही मिनिटांतच ते तिचं आम्ल करतात. आम्लता मोजायच्या पट्टीवर (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) तोंड साधारण ५.५ च्या खाली गेलं की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुते, खनिजं परत आणते, आणि अर्ध्या-पाऊण तासात तोंड पूर्वपदावर येतं. एवढा अर्धा-पाऊण तास तिला मिळाला पाहिजे, ही एकच अट. दर तासाला चहा, मध्ये एखादी गोळी चघळायला, परत कुणाच्या वाढदिवसाचा पेढा, असं चाललं तर तोंड दिवसभर आम्लातच राहतं. जेवणाबरोबर दोन लाडू खाऊन मोकळा होणारा माणूस त्या मानाने बरा. आपल्याकडे मात्र त्या लाडवाकडे डोळे वटारले जातात आणि दिवसाचे आठ चहा हिशेबातच येत नाहीत. आमच्याकडे मधुमेहाची औषधं न्यायला येणारे एक काका चहा कटाक्षाने बिनसाखरेचा घेतात आणि त्यात चार गोड बिस्किटं बुडवतात. मी काही बोलले नाही. काकूंनी माझ्यासमोरच बोलून घेतलं.

एनॅमल हा माणसाच्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. वजनात त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजच असतो. पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर आतल्या पेशी ते जुळवतात. एनॅमलला भोक पडलं की ते भरून काढायला आत कुणीच नाही. पृष्ठभागावर पांढरट डाग दिसतो तिथपर्यंत लाळ आणि फ्लोराइड मिळून परतवू शकतात. त्यानंतर डॉक्टरच. आणि दुखायला कधी लागतं? कीड एनॅमल ओलांडून आतल्या डेंटिनपर्यंत, शिरेच्या जवळ पोचली की. एनॅमलला संवेदनाच नाही. म्हणजे काउंटरवर जो माणूस "कालपासून दुखतंय" म्हणतो, त्याचं दुखणं कालचं असतं, कीड जुनी असते.

लाळेचं महत्त्व सोलापूरच्या माणसाला उन्हाळ्यात समजायला हरकत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तोंड कोरडं पडतं आणि पाण्याऐवजी हातात येतो लिंबूसोडा, उसाचा रस नाहीतर थंड बाटली. लिंबू आणि कोला दोन्ही आम्लतेच्या पट्टीवर दोन-तीनच्या घरात. इथे जंतूंची गरजच उरत नाही, पेयच थेट एनॅमल मऊ करतं. एखादा ग्लास जेवणाबरोबर प्यायला तर काही बिघडत नाही. बाटली जवळ ठेवून तासभर घोट घेत राहणं वाईट. आणि त्याहून वाईट म्हणजे 'तोंड चिकट झालं' म्हणून लगेच ब्रश करणं. मऊ पडलेलं एनॅमल ब्रशने खरवडलं जातं. अशा वेळी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रशला अर्धा तास तरी थांबवावं. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी पिऊन मग दात घासणारे तब्येतीला जपणारे लोक आमच्याकडे वाढलेत, आणि त्यातलेच काही महिन्यांनी 'सेन्सिटिव्ह'वाली पेस्ट मागायला येतात. बर्फ कडाकडा चावणाऱ्यांना तर माझा हात जोडून नमस्कार.

मोबाइलवर दात पांढरे करण्याचे जे प्रकार फिरतात, त्यांच्याबद्दल मला खरोखर राग आहे. लिंबाची फोड दातांवर घासा, खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र करा, कोळशाची पेस्ट लावा. पांढरे दिसतात, कारण वरचा थर निघतो. खाली डेंटिन असतं आणि ते पिवळसर असतं. जितकं घासाल तितका पिवळेपणा जवळ येतो. आमच्या आजीच्या पिढीने राख, विटकरीची पूड आणि कोळसा सोडून पेस्ट धरायला कितीतरी वर्षं घेतली. आता तोच कोळसा काळ्या ट्यूबमध्ये, तिप्पट किमतीत, तिच्याच पणतीला विकायचा. मी तो दुकानात ठेवत नाही. वडील म्हणतात, "गिऱ्हाईक शेजारी जाईल." जाऊ दे की.

ब्रश विकतानाचं दृश्य ठरलेलं आहे. गिऱ्हाईक पाकीट दाबून अंगठ्याने दाते तपासतं आणि म्हणतं, "हा लई मऊ हाय. कडक दाखवा." घासताना जोर लागला पाहिजे, हिरडी सळसळली पाहिजे, तरच साफ झाल्यासारखं वाटतं. भांडी घासणाऱ्या हाताला ते पटतंही. पण दातावरचा जंतूंचा थर मऊ असतो, तो मऊ ब्रशने हलक्या हाताने निघतो. निघत नाही तो त्याचा दगड झालेला थर, म्हणजे टार्टर, आणि तो कडक ब्रशनेही निघत नाही. आडव्या हाताने जोर लावून वर्षानुवर्षं घासलं की हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मुळाशी पाचरीच्या आकाराची खाच पडते. मूळ एनॅमलपेक्षा कितीतरी मऊ असतं. उजव्या हाताने घासणाऱ्यांमध्ये ही खाच बऱ्याचदा डावीकडे, सुळे आणि उपदाढांवर जास्त असते, कारण तिथे हाताला जोर चांगला मिळतो. कुणी "डावीकडे गार लागतं" म्हटलं की मी विचारते, ब्रश कोणत्या हातात धरता? माणसं दचकतात. ज्योतिष सांगितल्यासारखं बघतात. म्हणून मी मऊ ब्रश पुढे लावलेत आणि कडक खालच्या कप्प्यात. मागितला तर देते.

पेस्टबद्दल एकच सांगते, कारण त्यात सोलापूरचा फायदा आहे. नळाला पाणी काही दिवसांच्या आडाने येतं त्या गावात दात घासून झाल्यावर तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरायची गरजच नाही. फेस थुंकून टाकायचा आणि थांबायचं. फ्लोराइडच्या पेस्टमध्ये दहा लाख भागांत साधारण हजार भाग फ्लोराइड असतं. ते दातावर राहिलं तर एनॅमलमध्ये शिरतं आणि त्याला आम्लापुढे टिकायला मदत करतं. आपण दोन मिनिटं ते लावतो (बहुतेक जण अर्धं मिनिटच) आणि लगेच पाण्याने पूर्ण धुऊन टाकतो. आणि ते रात्री लावणं महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि दातांच्या फटीत जे राहिलं त्याला रात्रभर राखण करायला कुणी नसतं. आपल्याकडे दात सकाळी घासतात, देवपूजेआधी, चहाआधी. पारोशा तोंडाने चहा प्यायचा नाही, हा संस्कार पक्का आहे. रात्रीचा संस्कार कुणी घातलाच नाही. रात्री जेवणानंतर आपण बडीशेप, सुपारी नाहीतर पान देतो.

लहान मुलांच्या बाबतीत "दुधाचेच दात आहेत, पडणारच" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते दुकानाच्या पाटीवर लिहून त्यावर फुली मारावी असं वाटतं. बाटलीत साखरेचं दूध देऊन मूल झोपवलं की दूध रात्रभर वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं, आणि दोन-अडीच वर्षांच्या पोराचे ते चार दात काळ्या खुंट्या होतात. खालचे वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते. पण सगळ्यात मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. त्या सुमाराला सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, त्यामुळे आई-बापांना वाटतं हीही दुधाचीच. ती कायमची असते. आयुष्यभराच्या चावण्याचा मोठा भार तिच्यावर, आणि आठ-नऊ वर्षांच्या वयात तिलाच कीड लागलेली असते. शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी तिथल्या तिथे आपल्या मुलाचं तोंड उघडून मोबाइलच्या उजेडात बघितलं. दाढ होती. खाचेत काळी रेघही होती. दुसऱ्या दिवशी त्या त्याला सिव्हिलला घेऊन गेल्या.

हिरड्यांकडे येते, कारण दातांना निदान दुखणं तरी आहे. हिरडी बहुतेक वेळा दुखत नाही, फक्त रक्त येतं. आणि रक्त आलं की माणूस नेमका तिथे ब्रश लावायचं सोडतो. रक्त येतं ते ब्रशमुळे नव्हे. हिरडीच्या कडेशी जमलेल्या थरामुळे ती सुजलेली असते म्हणून. तिथेच रोज हलक्या हाताने साफ केलं तर आठवडा-दोन आठवड्यांत बऱ्याच जणांचं रक्त थांबतं. तोवर हा आजार परतवता येतो. सोडून दिलं तर सूज खाली उतरते, दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, आणि गेलेलं हाड घासून परत येत नाही. मधुमेह असेल तर हे जोरात होतं. उलटही खरं आहे, हिरड्यांचा दाह असेल तर साखर आवरायला अवघड जाते. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत मधुमेहाच्या गोळ्या जातात, पण डॉक्टरकडे 'माझ्या हिरड्यांतून रक्त येतं' असं सांगितलेलं मला कुणी भेटलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, साखरेच्या डॉक्टरला दाताचं काय सांगायचं?

तंबाखू ओढणाऱ्यांचं तर आणखी विचित्र. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही रक्त कमी येतं. बिडी पिणारा माणूस अभिमानाने सांगतो, "आपल्या हिरड्या एकदम टाइट." आणि मग पन्नाशीत एकेक दात जिभेने हलवून दाखवतो.

दात साफ करून घेतले की सैल होतात, ही समजूत इथे फार घट्ट आहे. ती उगाच आलेली नाही. टार्टरच्या थराने हललेले दात एकमेकांना चिकटून धरलेले असतात. तो काढला की हाड किती उरलंय ते कळतं, फटी दिसतात, दात डुलतात. दोष साफ करणाऱ्याच्या माथी येतो. वरचा दात काढला की नजर जाते, ही दुसरी. नजरेच्या नसेचा आणि दाताच्या नसेचा काही संबंध नाही. पण दात काढायचं वयही चष्मा लागायच्याच वयात येतं, त्यामुळे प्रत्येक घरात पुरावा तयार असतो.

दातांचा हत्यार म्हणून वापर हा खास इथला विषय. मागावर तार तुटली की गाठ मारून उरलेला धागा दातानेच तुटतो. टॉवेलच्या दशांना गाठी मारणाऱ्या बायका, गणवेश शिवणारे कारागीर, सगळ्यांच्या शेजारी कात्री असते आणि तरी धागा दाताकडे जातो, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. टाचण्या ओठांत धरलेल्या असतात ते वेगळंच. वर्षं गेली की पुढच्या दाताच्या कडेला बारीक खाच पडते. ती बघून कोण शिलाईचं काम करतं हे ओळखता येतं. बाटलीची झाकणं, औषधाच्या पट्ट्या आणि दुधाच्या पिशव्या दाताने फोडणाऱ्यांना मात्र हात गुंतल्याचं कारण नाही. जेवणानंतर सेफ्टी पिनने दात कोरणाऱ्यांनाही नाही. हुरड्याच्या दिवसांत आणि रविवारच्या मटणानंतर हे प्रकार भरास येतात. हिरडीचा दोन दातांमधला त्रिकोण एकदा टोचून टोचून बसला की तिथे कायमची फट राहते आणि मग रोजच अडकतं.

घरगुती उपायांपैकी लवंगतेल खरं आहे. त्यातलं युजेनॉल शीर बधिर करतं. पण ते थेंबभर, कापसावर, दाताच्या भोकात. बाटली हिरडीवर ओतायची नाही, हिरडी भाजते. काटेरिंगणीच्या बियांची धुरी घेणारे जुने लोक अजून आहेत. दुखण्याची गोळी गिळण्याऐवजी दाढेशी गालात धरून बसणारेही आहेत, आणि अॅस्पिरिनसारखी गोळी अशी धरली तर गालाची आतली कातडी पांढरी पडून निघते. सगळ्यात महागात पडणारा उपाय म्हणजे तंबाखूची चिमूट. दाढ ठणकत होती म्हणून कुणीतरी सांगितलं, जरा तंबाखू दाबून धर. ठणका थांबला. दाढ पुढे पडूनही गेली, तंबाखू राहिली.

मिशरीची सुरुवातही अशीच असते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. कुणाच्या घरी मिशरी भाजायला घेतली की वाड्यात सगळे शिंकतात. १९९२ साली केंद्र सरकारने तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि टूथपेस्टवर बंदी घातली, पण बंदी कारखान्यावर असते, तव्यावर नसते. पुड्यांवर आता कर्करोगाचं चित्र असतं आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा फुकटचा नंबरही छापलेला असतो. मिशरीसाठी जी सुटी पानं कागदात बांधून येतात, त्या कागदावर जुन्या वर्तमानपत्राची बातमी असते.

सकाळी एकदा लावणं म्हणजे दात घासणं असं धरलं, तरी पोट साफ होण्यासाठी दुसऱ्यांदा, दुपारी डोकं चढलं म्हणून तिसऱ्यांदा, रात्री झोप लागावी म्हणून चौथ्यांदा. बोट त्याच जागी जातं. तिथली हिरडी सरकते, मूळ उघडं पडून झिजतं, आणि काहींच्या तोंडात त्या जागी पांढरा चट्टा येतो. बोटाने पुसून न निघणारा असा चट्टा दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थांबायचं नसतं, कर्करोगाची वाट तिथून जाते. गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. हे मी सांगते तेव्हा बायका ऐकून घेतात. मग सांगतात, "तेवढीच एक सवय हाय बघ, दुसरं काय नाय."

आणि त्यांचं सगळंच चूक नाही. बिडीची मजुरी हजारावर मोजतात. पहाटे उठून स्वयंपाक, पाणी, मग पान कापायला बसायचं ते संध्याकाळी माल देईपर्यंत. मांडीवरच्या सुपात तंबाखू, श्वासात तंबाखू, बोटांना तंबाखू. मधल्या वेळची भूक एका चिमटीने मारता येते, आणि त्यासाठी उठावं लागत नाही. मी दुकानात पंख्याखाली उभी राहून सवयीच्या गोष्टी करते; त्यांच्याकडे ती कामाची बाब आहे. पुरुषांच्या मावा-गुटख्याबद्दल मला एवढी कणव वाटत नाही, हे कबूल. राज्यात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे आणि मावा टपरीवर प्लास्टिकच्या कागदात घासून मिळतोच. त्यातल्या तंबाखूचं सगळ्यांना माहीत आहे, सुपारीचं नाही. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट मांडलं. कर्करोगाआधी गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडायचं कमी होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. आमच्याकडे येणारा एक मागवाला तिशीचाही नाही आणि त्याला वडापाव चपटा करून खावा लागतो. मित्र त्यावर हसतात. तोही हसतो, जमेल तेवढं तोंड उघडून.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून एक मावशी महिन्यातून एकदा बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. पंचावन्न-छप्पन्न वय. खालचे पुढचे दात सगळे हलतात. मिशरी सोडायचं त्यांनी स्वतःहूनच काढलं होतं, म्हणून मी निकोटिनच्या च्युइंगगमची पट्टी काढून दाखवली. पद्धतही सांगितली: सारखी चावायची नाही, हळू चावायची, झणझणलं की गालात धरून ठेवायची. त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली, किंमत विचारली आणि हसल्या.

"चावायला दात कुठं हाईत, पोरी?"

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मग गोळ्यांचा हिशोब झाला, पिशवी बांधून झाली, आणि दाराशी जाऊन त्या परत आल्या. म्हणाल्या, पट्टी दे, सुनेला देते. ती बी लावते. तिचे दात हाईत अजून.

मी म्हटलं, मावशी, सुनेलाच पाठवा. एकदा नीट सांगायला लागतं, आणि दिवसाला किती घ्यायच्या ते तिच्या सवयीवर ठरतं.

"पाठवते की. पण तिला ओरडू नको बाई," त्या म्हणाल्या. "शिकली ती माझ्याच डबीतनं."